उणे एक्क्याण्णव

निनाद गांगुर्डे म्हणाला, नुसते दिवे लाव रे,
लुकलुकले की झालं.
पिक्चरमध्ये कोण विचारतं आत काय आहे.
मी म्हणालो, मी विचारतो.

म्हणून सातपूरच्या पत्र्याच्या खोलीत तीन आठवडे:
बोटभर वायफाय मॉड्यूल,
मेलेल्या टेपरेकॉर्डरचा काटेवाला मीटर,
खेळण्यातल्या विमानाच्या दोन सर्वो मोटरी,
सिग्नल लागला की यंत्राचे पंख उघडायचे
अंड्यांवरून उठलेल्या टिटवीसारखे.
डाव्या अंगठ्यावर सोल्डरचा एक पांढरा डाग,
तो अजून आहे.

मूठ तांब्याची हवी होती.
तांबट आळीत दशरथकाकांनी नकाशा उलटा धरून पाहिला.
पिचकारी का?
भुतं शोधायचं यंत्र, काका.
त्यांची हातोडी थांबली नाही.
मग आतून कल्हई करून देतो, म्हणाले,
आंबट काही लागलं तर कळकायला नको.

पहिल्या रात्री गच्चीवर चालू केलं
आणि सगळी आळी पडद्यावर चढू लागली:
जाधव दुसरा मजला. फुकट्यांनी लांब राहा.
आई झोपली आहे. पासवर्ड मागू नये.
जवळचं असेल तर उणे चाळीस,
लांबचं असेल तर उणे नव्वद.
अधिक कुणीच नसतं.
हवेतला हिशेब सगळा तोट्याचा,
कोण कमी तोट्यात, एवढंच काटा सांगतो.

शूटिंग आडगावच्या पुढं,
द्राक्षांच्या रिकाम्या कोल्ड स्टोरेजमध्ये.
पत्रा, मध्ये फोम, पुन्हा पत्रा.
दार लोटलं आणि काटा आडवा झाला.
एकही नाव नाही.
रात्रीचा दीड, भाड्याचे लाइट तापलेले,
निनाद काहीच बोलला नाही,
तेच जास्त लागलं.

भूत होत्या सुगंधाबाई लभडे.
बारा हंगाम याच खोलीत
घडांतले सडके मणी कात्रीनं काढलेल्या.
अंधारात न घाबरता उभं राहील
असं दुसरं कोणी मिळालंच नव्हतं.

मी त्यांचा फोन मागितला. हॉटस्पॉट लावला.
नाव काय देऊ, बाई?
माझंच टाका. पुरं टाका.
हितल्या हजेरीत मी लभडे तीन हाये.

यंत्राच्या पडद्याला मराठी येत नाही,
इंग्रजीत टाकलं.
त्यांनी फोन कनवटीला खोचला
आणि क्रेटांच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

काटा आधी नुसता श्वास घेतल्यासारखा,
मग उठला,
पंख उघडले,
हिरो खरोखरच दोन पावलं मागं सरला
आणि निनाद कट म्हणायचं विसरला.

पांढरी साडी सावरत बाई पुढं आल्या.
आलं का माझं नाव?
मी एकेक अक्षराखाली बोट फिरवलं.
एवढ्या आडून?
एवढ्या आडून.
मग परत करा, म्हणाल्या,
आणि आधीपेक्षा लांब जाऊन उभ्या राहिल्या.
पहिलाच टेक चांगला होता.
आम्ही चार केले.

पहाटे टेम्पो आला. बाई मागं बसल्या,
गाठोडं मांडीवर, तोंडावरची पावडर तशीच.
यंत्र माझ्या हातात चालूच राहिलेलं.
उणे अठ्ठावन्न.
उणे बहात्तर.
हॉटस्पॉट बंद करायचं त्या विसरल्या होत्या,
हाक मारायला हवी होती, बॅटरी उतरेल त्यांची.
पण बागेच्या वळणावर
उणे एक्क्याण्णव आलं
आणि काटा अजून हलत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन.
दादा, सकाळी मेलाच होता, आता चार्जिंगला लावलाय.
ते नाव हाये ना आजून?

यंत्र टेबलावर उघडं पडलेलं, सेल काढून ठेवलेले.
सातपूर कुठं, आडगाव कुठं.

आहे, म्हणालो.