निकालाचा रकाना

अंडी माझ्या घरून जायची.
डाक्टर मन्मथ हुडगे, गळ्यात लिंग,
सात पिढ्यांत घरात अंडं आलेलं नाही,
आणि रोज दोन ताजी घ्यायचे
उदगीरच्या दवाखान्याच्या मागल्या दारानं.
मी आमीन, पट्टेवाला.
खादिजाच्या कोंबड्यांची, फडक्यात गुंडाळून न्यायचो.
पेठेत बोभाटा झाला: हुडग्याचं पोरगं बाटलं.
त्यांनी कुणाला सांगितलं नाही
की बलक त्यांच्या ताटात नाही,
बादलच्या बीजात कालवला जातो,
थंडीत ते तगावं म्हणून.

बादल हाळीच्या बाजारातला. देवणी, वानेरा:
अंग पांढरं, तोंड काळं,
चुलीत डोकं घालून आल्यासारखं.
एकदा डाक्टर म्हणाले, आमीन, ये, बघ.
काचेला डोळा लावला तर आत
हाळीचा बाजार सुटलेला,
सगळी जित्राबं एकाच वाटेनं घराकडं.
मी टोपी सारखी केली. का, ते ठाऊक नाही.

बहात्तरच्या आधीची गोष्ट. सायकल एकच.
डाक्टर पुढं, मी कॅरेजवर,
मांडीवर थर्मास, सोडावाल्याकडचा बर्फ,
बर्फात बोटाएवढी कुपी.
वेशीत पाटील म्हणाला, चहा का? आम्हालाबी घोटभर.
डाक्टर म्हणाले, आहे, पण गायीपुरताच.
वळू कुठंय?
यात.
म्हाताऱ्या कल्लप्पाला हसता हसता उचकी लागली.

(एका कीर्तनकारानं पुढं कधी मला सांगितलं,
मन्मथ म्हणजे मदन,
शंकरानं जाळला तेव्हापासून बिनदेहाचा.
म्हटलं, मग बरोबरच आहे.)

रजिस्टरात रकाने त्यांनीच आखलेले.
मालक. गाय. माजाची वेळ. वळू. निकाल.
पहिल्या सात ओळींचा निकाल एकच:
उलटली. उलटली. उलटली.
अक्षर मात्र सातही वेळा सुरेख.

आठवी पुतळाबाईची चांदी.
गोठा वेशीबाहेर.
पाटलाचा वळू त्या अंगाला कधी सोडला नव्हता.
ती म्हणाली, घाला हात, साहेब,
माझ्या दावणीला इचारतंय कोण.
डावा हात खांद्यापर्यंत आत,
उजव्यात काचेची नळी,
डोळे मिटलेले,
अंधाऱ्या खोलीत कोनाडा चाचपावा तसे.
चांदीनं फक्त शेपूट हलवलं.

नऊ महिने नऊ दिवस आम्ही त्या गावाचं नाव काढलं नाही.
मग एका पहाटे कंदिलाच्या उजेडात
वार पडायच्या आत ती उभी राहायला लागली,
पडली, परत उठली.
अंग पांढरं, तोंड काळं.
बादलनं ते गाव पाहिलंसुद्धा नव्हतं.
डाक्टरांनी हात पुसले न पुसले तसे
रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: कालवड.
शाई अजून फिसकटलेली आहे.
सकाळी पाटील आला. नाल्यापलीकडंच थांबला.
बराच वेळ बघून म्हणाला,
आमची मोरी परवापास्नं हंबरतीय.

पुढं सगळं आलं. नत्राच्या टाक्या, वाफा, फटफटी,
रंगीत नळकांड्या, प्रत्येकीवर वळूचा नंबर.
बादल गेला त्याला कितीक वर्षं झाली.
साहेबांचा डावा खांदा गेला.
निवृत्तीच्या दिवशी लातूरला शाल पांघरली,
ती त्याच बाजूनं घसरली, त्यांना सावरता येईना.
भाषणवाला वासरांचे आकडे सांगत होता, हजारात.

जीपमध्ये बसताना मला म्हणाले,
आमीन, पहिल्या सात का रे उलटल्या?
माज बरोबर होता. हात बरोबर होता.
बीज मी स्वतः पाहिलं होतं.
रात्री अजून हिशेब लागत नाही.

मी दार लावलं. म्हटलं, अल्लाची मर्जी, साहेब.

वैशाख होता.
ते पुढं पायडल मारत होते, घामानं पाठ भिजलेली,
मागं माझी जीभ टाळूला चिकटलेली,
आणि मांडीवर थर्मास.
एक खडा.
फार तर दोन.