शेजाऱ्यांपेक्षा एक जास्त

तोडकरकाकांनी दारातच थांबवलं.
घड्याळ, एटीएम, केसातली पिन
सगळं टोपलीत. मग पायांकडं बघून, "आणि हे?"
चांदीचे आहेत, म्हटलं. हुपरीचे. घरीच घडवलेले.
"चांदीला चुंबक काय करत न्हाई गं.
फासा कशाचा हाय?"
मला सांगता येईना.
पैंजणही टोपलीत.

आत ते उभं होतं, डेअरीच्या टाकीएवढं,
पोटात हेलियमची थंडी घेऊन.
पेन्सिलीहून बारीक काचेची नळी
हवेवर डुलत खाली उतरली
आणि माझे चार महिने
दोन मिनिटांत कागदावर आले.
रेघा.

सात पूर्णांक सव्वीसची सगळ्यात उंच.
मी हरखले.
"तो क्लोरोफॉर्म," सुहृददादा म्हणाला, "सगळ्यांच्यात असतो.
हे पाणी, नळी वाळवली नाहीस.
हे चार, हा एक, हे तीन : इथाइल ॲसिटेट, कॉलममधनं आलेलं.
आता तुझं काय उरलं ते बघ."

रात्री हॉस्टेलवर, राजाराम तलावाकडचा वारा
खिडकीची काच हलवत असताना
पाठ करत बसले :
हायड्रोजन स्वतःबद्दल फार बोलत नाही,
शेजारी किती ते सांगतो.
शेजारी दोन, तर रेघा तीन.
तीन, तर चार.
शेजारी कुणीच नसला
तर एकच, सरळ, उंच.

आमच्या गल्लीत हातोडीची तीन घरं.
अण्णा जेवता जेवता कान देऊन सांगायचे,
आज घोरपड्यांकडं काम नाही.
नसलेला ठोका त्यांना ऐकू यायचा.

फोनवर त्यांनी विचारलं, "दिसलं का काय यंत्रात?"
कचरा दिसला, अण्णा.
"मग बरं झालं की.
कचरा दिसाय लागला की हात बसाय लागला म्हणायचं."
मागं भाता चालू होता.

पुढच्या मंगळवारी नळीत
जड पाण्याचा एक थेंब टाकला, हलवली,
परत सोडली.
पाचच्या जवळची बुटकी, पसरट रेघ,
जिच्यावर मी आठवडाभर प्रश्नचिन्ह काढत होते,
गेली.
गेली म्हणजेच ती होती,
ऑक्सिजनला धरून बसलेली, माझी.
सुहृददादानं नुसती मान हलवली.

टोपलीतनं पैंजण काढले, दारातच बसून घातले.
फासा कशाचा ते विचारायचं
याही वेळी राहिलं.