माझाच पिवळा

नेर्मिनबाई तिसऱ्या मजल्यावरून खाली आल्या,
चाळीस दिवस भरायचीही वाट न पाहता.
हातात पिशवी, पिशवीत रात्रीचं झबलं,
छातीवर बदक,
आणि रंग पिवळा.

मी तो ओळखला.
आई गर्दीत लेकरू ओळखते तसा नव्हे,
चोर आपलंच पाऊल ओळखतो, तसा.
नंबर चारशे बारा. मार्च महिना, रात्रपाळी,
तिसऱ्या हौदात लाल थोडा जास्त पडला होता
आणि मुकादम म्हणाला, चालतंय रे, बाळांचाच माल आहे,
बाळं कुठं तक्रार करतात.

देनिझलीत अकरा वर्षं मी रंगारी आहे.
कापड मऊ कसं होतं, मला विचारा.
सुरकुती पडू नये म्हणून त्याला जे पाजतात
त्याचा वास नाकात नाही, डोळ्यांत जातो.
दुकानात पोचेपर्यंत उडतो,
म्हणजे उडतो असं आम्ही म्हणतो.

इल्कायनं झबलं गालाला लावलं. "किती मऊ!"
मी म्हणालो, "धू."
धुतलं. पाणी पिवळं.
परत धुतलं. पाणी पिवळं.
पाचव्यांदा तिनं बादली मोरीत ओतली
आणि माझ्याकडं बघितलं नाही.

रविवारी बसनं बुलदानला गेलो.
तिथं अजून तळमजल्यांत माग खटखटतात.
शाकिर उस्तांचा एक कान त्या आवाजात गेलाय,
दुसऱ्या कानानं ते कापड ऐकतात.
बोटांत चुरगाळून कानाशी धरलं.
"खळ असली की कुरकुरतं. हे बघ, गप्प आहे."
कापूस मेंदेरेसच्या खोऱ्यातला, म्हणाले, फवारा न पाहिलेला.
"कशावरून?"
धंद्यानं एवढं तरी शिकवलंय, विचारायचं.
त्यांनी शिक्क्याचा कागद काढला,
मग तो बाजूला सारून कापड उजेडात धरलं.
सरकीच्या टरफलाचे ठिपके, तिळाएवढे.
"फवाऱ्याचं कागद सांगेल. ब्लीचचं हे सांगतील."

भाव ऐकून मी आवंढा गिळला.
दोन मीटरला एका पाळीची कमाई.
दिवसाला चार हजार मीटर रंगवणाऱ्या माणसानं
दोन मीटर घेतलं.

इल्कायनं ते उकळलं, उन्हात टाकलं.
आकसून सुरकुतलं, म्हाताऱ्याच्या मानेसारखं.
तिनं बटणांऐवजी बंद लावले, लेबल लावलंच नाही,
शिवण बाहेरच्या अंगाला घेतली.
बघणाऱ्याला वाटतं, झबलं उलटं घातलंय.
असू दे. लेकराला सुलटी बाजू,
टाके जगाला.

नेर्मिनबाई जिन्यात भेटतात. "बसतंय का हो?"
"लहान झालं," मी म्हणतो. "पोर अंगानं भरलीय."
त्यांचा चेहरा खुलतो.
खोटं मऊ कसं करतात
तेही मला येतं.

पण त्या मार्चमध्ये तिसऱ्या हौदातून
सहाशे किलो माल निघाला होता.
एका झबल्याला किती ग्रॅम लागतात
हा हिशेब मी घरी करत नाही.
मशीनपाशी करतो, तिथं आवाज असतो.

सकाळी सहाला येतो. कोपरापर्यंत हात घासतो,
साबणानं, मग लिंबानं, मग उगाचच नुसत्या पाण्यानं.
सेलवी झोपलेली असते
ज्याला अजून कुणी नंबर दिला नाही अशा रंगात,
पोटाजवळ एक ठिपका,
श्वासाबरोबर वर, खाली.
झोपेतच मूठ उघडते, माझं बोट धरते,
तोंडाकडं नेते.
नखाच्या कडेला बारीक पिवळी रेघ.
मी ओढतो. ती सोडत नाही, जोर आहे तिच्यात.
मी करंगळी पुढं करतो.
त्यातल्या त्यात
ती कोरी आहे.