अर्धा इंच

पर्समध्ये फ्रीजवरचा लोहचुंबक घेऊन
मी बोहरी आळीत फिरते आहे.
महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, देठ तुटलेला.
जिथं ती चिकटते, तिथून मी पुढं निघते.

सकाळचे अकरा. हमाल खांद्यावर पाइप घेऊन
‘बाजू, बाजू’ करत वळतात.
माणूस वळून जातो,
पाइपाचं शेपूट अजून वळत असतं.

हवंय काय, तर
अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह, दोन निपल, एक टी,
आणि एक बल्कहेड.
त्याला इथं ‘टाकी कनेक्शन’ म्हणतात
हे कळायला तीन दुकानं गेली.
चौथ्यानं सांगितलं, “साहेबांना पाठवा ना.”
साहेब मीच,
हे उत्तर मला पासोड्या विठोबापाशी पोचल्यावर सुचलं.

नवीन, खोक्यातलं, एकेक नग अठराशे पन्नास.
तेवढ्यात दोन खेपांचं माल्ट येतं,
वर रिक्षाला उरतात.

मुर्तजाभाई चष्मा कपाळावर सरकवतात.
कशासाठी?
दुधासाठी, मी म्हणते.
अगदीच खोटं नाही, दिवसभर मी
दुधाच्याच लॅबमध्ये फॅट मोजते.
ते माझी स्ट्रॉबेरी बघतात. हसत नाहीत.
“दोनशे दोनलाही चुंबक लागत नाही, बेन.
चिकटत नाही म्हणजे चांगलं, हे कुणी सांगितलं?”
छोट्या बाटलीतला एक थेंब निपलवर.
आम्ही दोघं वाकून बघत राहतो.
थेंब हळूहळू लाल होतो.
“हे नका घेऊ,” म्हणत स्वतःचाच माल बाजूला सारतात
आणि ज्या दोन क्लॅम्पचं मी घेतलं
त्या बिलाच्या मागं भोसरीचा पत्ता लिहून देतात.

भोसरीत, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत
एका बंद पडलेल्या डेअरीचं पोट उघडं पडलंय.
बेंड, फेरूल, व्हॉल्व्ह, सगळं किलोवर.
मी गवार निवडावी तशी निवडते,
वाकडं, दबलेलं, पिवळं पडलेलं दूर.

शेजारीच लेथवर रेवणनाथकाका.
उजव्या हाताची करंगळी अर्धी.
माझा एक आटा बीएसपीचा, दुसरा अमेरिकेकडचा.
दोन फेरे अगदी सोबतीनं जातात,
मग अडतात.
“जोर लावू नका.
इथवर जुळलं म्हणजे पुढंही जुळेल,
या आशेवर निम्मे आटे मेलेत.”
मला एक साडेतीन वर्षांचं लग्न आठवतं,
पण तो विषय वेगळा.

पातेल्याला पाडलेलं भोक बघतात, नाक आत घालतात.
“बिअर?”
मी दुधाकडं वळायच्या आत ते पॉलिशचं चाक चालू करतात.
“बाप हातभट्टीनं गेला माझा.
पत्र्याचा डबा, सायकलच्या ट्यूबचं रबर,
आत कायकाय...”
पुढचं वाक्य चाकात बुडतं.

वेल्डच्या आतल्या कडेवर करंगळी फिरवतात.
एवढ्याशा भोकात तीच जाते.
“खाच राहिली की तिथं आंबट बसतं.
मग कितीही धुवा.”
पुन्हा घासतात. पुन्हा बोट. पुन्हा.
शंभर देते, चाळीस ठेवतात.
गेटपर्यंत पोचले तर हाक:
“बाटली नका आणू हां मला.
गळलं तर या.”

रात्री न्हाणीघरात
पातेलं काठोकाठ पाण्यानं भरलेलं,
टेफ्लॉनचे सात वेढे,
खाली कालचा पेपर.
स्टुलावर बसून मी नोकरीच्या जाहिराती वाचते, उलट्या.
अडीच वाजता कागदावर एक ठिपका दिसतो.
बोट लावते.
कोरडा. छपाईचाच आहे.

स्ट्रॉबेरी फ्रीजवर परत लावते, लगेच चिकटते.
तिच्याखाली मुर्तजाभाईंचं बिल,
पत्त्याची बाजू वर.