पावणेसहा

ओस्नाब्रुकच्या कारखान्यात, हॉल नऊच्या मागे,
मला नाही म्हणायचा पगार मिळतो.
अठरा वर्षं, नेमानं.
कुणाला मेलेल्या पोपटाचा हिरवा हवा असतो
(पीस पाकिटात),
एका दंतवैद्याला हवा होता निरोगी हिरडीचा गुलाबी.
मी लिहितो: आपल्या पसंतीबद्दल आभारी आहोत.
आमच्याकडे चौदा रंग आहेत. सूचीपत्र सोबत.

आल्मुट ब्रोडरसन, नॉर्डस्ट्रांड, वय एकाहत्तर,
हिनं चिखल पाठवला.
मुरंब्याच्या बरणीत, झाकणाला चिकटपट्टी,
समुद्र ओसरल्यावर मागे उरतो तो.
पत्र दोन ओळींचं:
गाडी या रंगाची करून द्या.
पैसे आहेत.

टेबलावर येईस्तोवर चिखल वाळला होता.
मी वाळलेलाच मोजला आणि कळवलं,
हा आमच्या सहा नंबरच्या राखाडीला अगदी जवळचा आहे.
उलट टपाली उत्तर:
जवळ राहतो म्हणून शेजाऱ्याला कुणी नवरा म्हणत नाही.
शिवाय तुम्ही वाळलेला पाहिलात.
मी ओला मागितला होता.

मग समजावलं. रंग म्हणजे नुसती बादली नव्हे, बाई,
नळ्या धुवाव्या लागतात, अख्खी रांग थांबते,
उन्हात विटेल का, मिठात टिकेल का, खडे उडाले तर,
हजार तासांची परीक्षा, आणि तीही एका गाडीसाठी.
आकडा असा लिहिला की वाचणाऱ्यानं खुर्ची ओढावी.
तिनं आकड्याखाली सही करून पाठवली.
सोबत दुसरी बरणी. या खेपेला वर चार बोटं पाणी.

अर्जात कारणाचा रकाना कोरा.
आमच्या वरिष्ठांना कारण लागतं.
फोन केला. म्हटलं, कुणाची आठवण वगैरे?
नवरा दर्यावर्दी होता का?
"नवरा विमा विकायचा. आणि 'होता' नाही, वर झोपलाय."
मग का?
बराच वेळ फोनमध्ये नुसता वारा.
"तुम्ही कधी पाहिलाय?"

नव्हता पाहिला. शनिवारी गेलो, स्वतःच्या पेट्रोलनं.
तिनं विमेवाल्याचे बूट दिले, दोन मापं मोठे.
बांधावरून उतरलो तो पोटरीपर्यंत रुतलो.
राखाडी म्हणावा तर आतून शेवाळी सरकतो,
शेवाळी म्हणेस्तोवर जांभळाची कड,
आणि सगळ्याखाली कुठेतरी कथील.
खिशातली रंगपट्टी काढायची लाज वाटली.
तरी काढली. पगार असतो शेवटी.
चौदातला एकही बसेना.
"आता बघा," ती म्हणाली, "एवढी पाच मिनिटं."
मी घड्याळ पाहिलं. का पाहिलं कोण जाणे.

सोमवारी कारणाच्या रकान्यात मीच लिहिलं:
ग्राहक ऐकत नाही.
ते मंजूर झालं.

सात महिने. एकतीस पत्रे भंगारात.
मी काळा थेंबाथेंबानं कमी करत होतो,
नुरजिहाननं मिश्रणाचा डबा हातातून काढून घेतला,
म्हणाली, सगळाच काढा,
माझी आई कपडे रंगवायची, मला माहीत आहे.
बत्तिसावा पत्रा तिनं खिडकीशी धरला
आणि जेवायला निघून गेली, काही न बोलता.

गाडी न्यायला बाई एकटीच आली, आगगाडीनं.
एक फेरी मारली. दुसरी मारली.
माझ्या जिभेला कोरड.
मग तिनं अंगठा तोंडात घालून ओला केला,
नव्याकोऱ्या बॉनेटवर दाबून फिरवला,
वाकून तेवढ्या ओल्या ठिपक्याकडे पाहिलं.
"हं," म्हणाली.
आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

नोंदवहीत प्रत्येक रंगाला नाव लागतं.
मी लिहिलं: पावणेसहा.
हिशेबखात्यानं ते खोडून
वेळेच्या रकान्यात नेऊन ठेवलं.