चार नंबरची पहाट

सावद्यात, केळी पिकवायच्या चेंबरला लागून
बारदान ठेवायची खोली होती, ती मला मिळाली.
सहा डबे, बिनपंख्याचे, अंगावर पन्हळी पत्र्यासारख्या रेघा,
एक जुना मॉनिटर, सिरियल केबल,
आणि पुण्याहून आलेला बारा पानांचा कागद:
यंत्राला काय काय सोसता आलं पाहिजे.

पेन ड्राइव्हवरून लिनक्स चढवलं सहांवर.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या,
कर्नलने एकेक अवयव हाक मारून मोजला:
मेमरी आहे, डिस्क आहे, दोन्ही पोर्ट आहेत.
शेवटी लॉगिनशी येऊन कर्सर थांबला,
दारातल्या पाहुण्यासारखा, चप्पल न काढता.

हे काठावरचे संगणक.
चेंबर कधी गार करायचं, गॅस कधी सोडायचा
हे त्यांनी इथल्या इथे ठरवायचं, ढगाला न विचारता.
बरंच आहे. मे महिन्यात आमच्याकडे
ढग असतो कुठे विचारायला.

कागद म्हणतो: दमट थंडीत चोवीस तास.
हिरव्या फण्यांच्या क्रेटमागे ठेवले डबे, सोळा अंशांत.
कागद म्हणतो: कोरड्या उष्णतेत बहात्तर.
त्यासाठी पुण्यात भट्टी आहे म्हणे, महागडी.
मी शिडी लावली
आणि डबे गच्चीवरच्या पत्र्याखाली नेले.
वीस पावलांत दोन ऋतू.

प्रोसेसर शंभर टक्के राबवत ठेवले.
दुपारी एकला आतला सेन्सर ब्याऐंशी म्हणाला,
वेग आपोआप उतरला,
जसे आम्ही सगळेच दुपारचे उतरतो.
माझं आडनाव झोपे. तीन रात्री लॉग वाचत जागा होतो,
यावर इथे प्रत्येकाचा विनोद करून झाला.

रोज तीन दहाला लाइट जाते.
साडेतीनला येते, तसे पाच डबे उठतात,
घड्याळ पाहतात, राहिलेलं काम उचलतात.
चार नंबरही उठतो, न कुरकुरता, सगळं नीट,
फक्त तारीख लिहितो
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, पहाटे साडेपाच.

यंत्रांचा काळ तिथून मोजतात.
ग्रिनिचला मध्यरात्र, आपल्याकडे साडेपाच.
ज्याला काहीच आठवत नाही
तो तिथे परत जातो.

राखणदार रघो वना कोळी पाणी घेऊन वर आला.
पडदा त्याला वाचून दाखवला.
तो हसला नाही.
"सत्तर म्हंजे... तवा मी बापासंगं टेसनावर.
वाघिनीत पानं आथरत होतो केळीखाले.
थंडी अशी, का बोटं वळेनात.
साडेपाचलेच गाडी निंघे."
मग चार नंबरकडे बघत:
"याले कसं ठाऊक?"

मला उत्तर येत होतं. झाकण उघडून दाखवलं:
उन्हाने सैलावलेली चिमटी,
बटणाएवढा सेल, धड टेकलेला नाही, धड सुटलेला नाही.
वीज गेली की वेळ धरून ठेवायला
याच्यापाशी काही उरत नाही.
रघोने मान हलवली, डॉक्टरपुढे हलवतात तशी.

चिमटी दाबून बसवता आली असती, दोन मिनिटांचं काम.
पण तपासणाऱ्याने दुरुस्त करायचं नसतं,
लिहायचं असतं.
लिहिलं: नग चार. दमट थंडी पास.
उष्णता, बावन्न अंशांपुढे सेलची चिमटी सोडते, नापास.
सहाही नगांची चिमटी बदलावी.
शेऱ्याच्या रकान्यात जागा होती. कोरी ठेवली.

संध्याकाळी डबे खोक्यात भरताना
रघो म्हणाला, "एकडाव चालू कर ना तो."
वायर जोडली.
ओळी धावल्या. सोळा सेकंद.
साडेपाच वाजले.
खाली चेंबरचा कंप्रेसर धडधडू लागला,
रघोने खांद्यावरचा रुमाल काढून कान बांधले.
पत्र्याखाली अजून एक्केचाळीस अंश होते.