अंशतः

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात, पहिल्या मजल्यावर,
एक्स-रेच्या रांगेमागे जे दार अर्धंच उघडतं,
आतून व्हीलचेअर आडवी येते म्हणून,
तिथे मी बसते.

पाटीवर लिहिलंय : व्यवसायोपचार.
लोक वाचतात, डोकावतात,
"मॅडम, धंद्याच्या कर्जाचे फॉर्म इथंच ना?"
वॉर्डबॉय सांगतो, खेळण्यावाली बाई ती.
आहेतच खेळणी. मणी, खुंट्या, ठोकळे,
आणि एका फळीवर ठोकलेली
बारा बटणं, चार हुक, एक नाडी, एक कडीकोयंडा.
पाय चालवणारे शेजारच्या खोलीत.
माणूस चालत संडासापर्यंत पोचला
की पुढचं माझ्याकडे.

द्वारकाबाई भदाणे, वय बासष्ट, कापडणे.
डावी बाजू गेली, लेक म्हणाला,
संध्याकाळची एस.टी. गेली म्हणावं तसं.
पहिल्या दिवशी मी तिचा डावा हात
तिच्याच मांडीवर ठेवला.
तिनं उजव्यानं तो उचलला, बाजूला सारला,
कुणाची पिशवी आपल्या सीटवर आल्यासारखा.
"हाऊ हात मना नही शे."
"मग कोना शे, मावशी?"
तिनं पलीकडच्या खाटेकडं पाहिलं. तिथं उखर्डू कोळी,
जिनिंगमध्ये तीन बोटं सोडून आलेला.
"त्याले दी टाक," ती म्हणाली. "त्याले लागस."
उखर्डू हसला. सहा दिवसांत पहिल्यांदा.

तीन आठवडे मी खुंट्या लावायला सांगितल्या.
"मी काय धाकली पोर शे?" म्हणत
तिनं त्या वाल निवडावेत तशा निवडल्या,
लाल इकडे, पिवळ्या तिकडे,
सगळ्या उजव्यानं.

फॉर्मवर दहा रकाने. खाणं, आंघोळ, कपडे, शौच.
मी पेन ठेवून विचारलं,
मावशी, घरी जाऊन काय करायचंय?
"मांडा."
आणि तिचा डावा खांदा हलला, किंचित.

ज्यानं पाहिलं नाही त्याला कसं सांगू.
आत पुरण, वर सैल, पाणी पिऊन मऊ झालेली कणीक.
लाटत नाहीत तिला. दोन्ही हातांवर घेतात,
या कोपरापासून त्या कोपरापर्यंत झुलवतात,
ती वाढते, हातभर होते, पलीकडचं दिसायला लागतं,
मग पालथ्या खापरावर, एका झटक्यात.
एका हाताचा मांडा नसतो.
हे तिला माझ्याआधी माहीत होतं.

मी टॉवेल भिजवला, पिळला,
तिच्या दोन्ही हातांवर पसरला. झुलवा.
डावीकडून घसरला. परत.
घसरला.
कितव्या दिवशी आठवत नाही,
उखर्डू उठून आला, पट्टीतल्या हातानं
डावं टोक धरून उभा राहिला, मला न विचारता.
नोंदीत मी त्याच्या नावावर वीस मिनिटं लिहिली.

मग सुनेनं डब्यात कणीक आणली.
गॅस पेटवायला परवानगी नाही, खापर तर लांबच,
नुसती झुलवायची.
डावी मूठ उघडली नाही.
मनगट मात्र आडवं राहिलं, खुंटीसारखं,
कणीक त्याच्यावर लोंबली, लांबली,
आणि मधोमध भोक पडलं, रुपयाएवढं.
द्वारकाबाईनं त्या भोकातून माझ्याकडं पाहिलं.
"फाटना."
मग मान वळवून, डाव्या हाताला,
पोराला दटावतात त्या आवाजात,
"नीट धर ना रे, भाऊ."

सून डबा झाकत होती, तिच्या लक्षात आलं नाही.
माझ्या आलं. मी खिडकीकडे तोंड केलं,
खाली रिक्षावाले भांडत होते, ते बघत राहिले.

डिस्चार्जच्या कागदावर तीन शब्द छापलेले असतात,
उद्दिष्ट साध्य : पूर्णतः, अंशतः, नाही.
एकाला गोल करायचा.
मी मधल्याला केला, जरा मोठा,
विसर्गाची दोन्ही टिंबं आत बसतील असा.

उखर्डू अजून इथंच आहे.
काल त्यालाही विचारलं, घरी जाऊन काय करायचंय?
बराच वेळ बोलला नाही.
मग बटणांची फळी जवळ ओढली.